न प्यालेल्या दारूची साक्ष

निपाणीत मिशनच्या मागच्या गल्लीत बायडाबाई राहते. वय विचारलं तर साठ सांगते, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचारलं तरी साठच सांगते. ही गोष्ट तिची. पण तिच्या नवऱ्याबद्दल चार शब्द आधी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण सगळा घोळ त्याच्यावरनंच झाला.

नवरा मायाप्पा. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होता. तंबाखू चाळणं म्हणजे काय, ते ज्यानं चाळलीय त्यालाच माहीत. तोंडाला फडकं बांधा नाहीतर पोतं बांधा, ती धूळ नाकातनं, डोळ्यातनं आत शिरायची ती शिरतेच. दिवसभर धूळ पोटात गेली की माणसाला तंबाखू लागते. डोकं गरगरतं, पाय वाकडे पडतात, पोटात ढवळतं. बाकीच्यांना महिन्या-दोन महिन्यांत सवय होते. मायाप्पाला सत्तावीस वर्षांत झाली नाही. रोज संध्याकाळी बिचारा भिंतीला हात लावत लावत गल्लीत शिरायचा आणि गटारीपाशी बसून भडाभडा ओकायचा. गल्लीतली पोरं टाळ्या पिटायची, "आली रं आली, गाडी डुलत आली!" मायाप्पा तोंड पुसायचा, पोरांकडं बघून हसायचा आणि घरात येऊन आडवा व्हायचा.

दारूचा थेंब त्याच्या तोंडाला कधी लागला नव्हता. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढं फार लोकांनी फार काही सांगितलंय. थेंब लागला नव्हता.

एकदा वखारीचे मालक आले असताना मायाप्पाचा तोल गेला आणि तो चाळणीसकट खाली आला. मुकादम मारुतीरावाला मालकांपुढं आपली ऐट दाखवायची होती. तो सगळ्यांदेखत ओरडला, "दारू ढोसून कामावर येतोस व्हय रं? चल, नीघ!" मायाप्पा उठला, अंगावरची धूळ झटकली आणि निघाला. पानं निवडायला बसलेली जयाबाई तेवढी उठून मुकादमाला भिडली. "मुकादम, त्येचं त्वांड तरी हुंगून बघा की! आनि मंग बोला!" जयाबाई शेजारच्या आळीतली, भावकू पाटलाची सून. खालच्या जातीच्या ख्रिस्ती माणसासाठी मुकादमाशी भांडली म्हणून घरी बोलणी खाल्ली, पण माघार घेतली नाही. मायाप्पाला मात्र आठ दिवस घरी बसवलं आणि दारुड्या हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

नवव्या दिवशी पहाटे मायाप्पा नेहमीसारखा प्रार्थनेला बसला. त्याची एक रीत होती. अक्षरओळख नाही, शास्त्र वाचता येत नाही, म्हणून तो नावं घ्यायचा. पोत्याची घडी घालून भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि एकेकाचं नाव मोठ्यानं देवापुढं ठेवायचं. पहिलं नाव शामूचं, म्हणजे एकुलत्या पोराचं. मग बायडाबाईचं, मग भावंडांचं, पाळकसाहेबांचं, गल्लीतल्या आजाऱ्यांचं, जयाबाईचं. त्या पहाटे शेवटाला एक नाव वाढलं, मारुतीरावाचं.

चुलीपुढं बसलेल्या बायडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या मुडद्याचं नाव कशाला घेता वो?"

"त्येला वगळलं तर मंग बाकीच्यास्नी घिऊन काय उपेग?" मायाप्पा म्हणाला. "आपल्या मानसांचं कुनीबी घेतंय."

"मंग पयलं तरी घिऊ नगा."

"पयलं शामूचंच ऱ्हानार. त्यो देवाला दिल्याला हाय."

हे खरं होतं. दोन पोरं पाळण्यातच गेल्यावर तिसरं जगलं, तेव्हा बायडाबाईनं वेदीपुढं पदर पसरून नवस बोलल्यासारखंच बोलून टाकलं होतं की हा पोरगा तुझ्या सेवेला दिला. नाव ठेवलं शमुवेल, बायबलात आईनं देवाला दिलेल्या पोराचं. घरात शामू. मायाप्पा शुक्रवारी उपास करायचा. दुपारची भाकरी वखारीत ज्यानं आणली नसेल त्याला द्यायची आणि त्याला उपासाचं सांगायचं नाही, भूक नाही म्हणायचं. कुणी त्याला आत्मिक शिस्त, मौन, मनन असले शब्द ऐकवले असते तर त्यानं नुसतं डोकं खाजवलं असतं. आणि नाताळ आला की पगारातनं पहिल्यांदा बायडाबाईला डझनभर हिरव्या बांगड्या. कासार दारात बसायचा आणि मायाप्पा शेजारी उकिडवा बसून, "जरा दमानं भर गा, दुखंल तिला," असं म्हणत राहायचा. असला तो दारुडा.

शामू शिकला. बारावीनंतर दोन वर्षं इकडंतिकडं करून बेळगावच्या बाजूला एका बायबल स्कूलात गेला. पहिल्याच वर्षी मायाप्पाची छाती भरली. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्याला एकच ध्यास. "शामूला पाळकाच्या पांढऱ्या झग्यात बघायचं ऱ्हायलं गं. लोक म्हनले असते, ह्यो मायाप्पाचा पोरगा." तेवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं. चार दिवसांनी गेला. बायडाबाईनं बांगड्या फोडल्या नाहीत. बायकांनी गळ घातली, पण ती म्हणाली, "त्येनी भरल्यात, मी फोडनार न्हाय." त्यातल्या सात अजून तिच्या हातात आहेत. आणि पोत्याची घडी घालून पहाटे नावं घ्यायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं. एक नाव तेवढं गाळावं लागलं. पाळकसाहेबांनी समजावलं होतं की गेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत. मायाप्पाचं नाव ती मनातसुद्धा घ्यायची नाही. मारुतीरावाचं मात्र घ्यायची, दात-ओठ खाऊन का होईना.

सहा वर्षं अशी गेली. शामूचं शिक्षण संपलं, उमेदवारी संपत आली, पुढच्या महिन्यात पाळक व्हायची दीक्षा ठरली. बायडाबाईचे पाय जमिनीला लागेनात. आणि एक दिवस जयाबाईनं हाक मारली.

"बायडे, ये की गं! तुझा शामू मोबाइलात आलाय. केवढं बोलतोय बघ तरी!"

जयाबाईच्या सोप्यात दोघी चहाचे कप घेऊन बसल्या. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. कुठल्याशा मोठ्या मांडवात सभा होती, पुढं हजारभर माणूस, आणि व्यासपीठावर शामू. कोट घातलेला, केस बसवलेले. बायडाबाईनं पदरानं मोबाइलची काच पुसली. शामू शुद्ध पुस्तकी भाषेत बोलत होता.

"प्रियजनहो, मी अंधारात जन्मलो. माझे वडील मायाप्पा हे दारूचे गुलाम होते. रोज संध्याकाळी ते झोकांड्या खात घरी येत, गटारीत पडत. एका नाताळच्या दिवशी त्यांनी माझ्या आईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. ते रक्त मी पाहिलं, आणि मी देवाला हाक मारली…"

मांडवात बायका डोळे पुसत होत्या. बायडाबाईच्या हातातला चहा तसाच गार झाला. जयाबाईनं मोबाइल पालथा घातला.

"ह्यो कुनाचं सांगतोय गं?" जयाबाई म्हणाली.

बायडाबाईनं मनगट पुढं केलं आणि सात बांगड्यांकडं बघत बसली.

आठवड्यानं शामू दोन दिवस घरी आला. जेवायला वाढलं, पोटभर जेवू दिलं, आणि मग ती समोर बसली. "शामू, बायबल स्कूलात नववी आज्ञा शिकिवली का न्हाय रं, खोटी साक्ष देऊ नगं म्हनून?"

शामूला कळलं. थोडा वेळ इकडंतिकडं केलं आणि मग सगळं सांगितलं. पोरगा वाईट नव्हता हो, हेच तर वाईट आहे.

बायबल स्कूलात पहाटे पाचला घंटा व्हायची. एक तास मौन, एक तास मनन, बुधवारी उपास, शनिवारी एकमेकांपुढं कबुली. आणि गुरुवारी साक्षीचा वर्ग, म्हणजे देव आपल्याला कसा भेटला ते लोकांपुढं कसं सांगायचं त्याचा. स्वरूप सर म्हणून शिकवायला होते. ते सांगायचे, साक्षीला तीन खोल्या असतात, अंधाराची, भेटीची आणि उजेडाची, आणि पहिली खोली जेवढी काळी तेवढा तिसऱ्या खोलीतला दिवा झळकतो. वर्गात एकजण मटक्याच्या अड्ड्यावर वाढलेला होता. एकानं चाकू चालवलेला होता. त्यांच्या साक्षी ऐकून पाहुणे रडायचे आणि त्यांना गावोगाव सभांना न्यायचे. शामू तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. जन्मापासनं पाळण्यावर क्रूस. त्याच्या साक्षीला लोक जांभया द्यायचे. तो मांडवातल्या खुर्च्या लावायला जायचा आणि खुर्च्या गोळा करून परत यायचा.

"एकदा सरांनी इच्यारलं, घरात लहानपनी काय बघितलंस? मी म्हटलं, आप्पा सांजच्याला डुलत यायचे, गटारीपाशी ओकायचे. सर म्हनले, दारू?" शामू मान खाली घालून सांगत होता. "आई, मी व्हय म्हटलं न्हाय."

"मंग न्हाय म्हटलंस?"

"न्हाय बी म्हटलं न्हाय."

पहिल्या खेपेला एवढंच. मग सरांनीच ते वळण दिलं, मग कुणा पाहुण्याच्या डोळ्यात पाणी आलं, मग एका सभेत बाटली आली, पुढच्या सभेत बांगड्या आल्या. खुर्च्या लावायचं थांबलं.

"तुझ्या बापाला तंबाखू लागायची रं," बायडाबाई म्हणाली. "तुझ्या फीसाठी छाती भरंस्तवर चाळली त्येनी. तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

"म्हाईत हुतं."

"मंग?"

शामूनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. खरंच रडला, खोटं नाही. "दीक्षेच्या दिशी बिशपसायबांपुढं साक्ष द्यायची असती. सगळी मंडळी असती. तवा खरं सांगतो, आई. आप्पांची शपत."

बायडाबाईनं त्याचं डोकं उचललं आणि तोंडावरनं हात फिरवला. झालं, पोरगा परत मिळाला! दुसऱ्या दिवशी तिनं जयाबाईला हे सांगितलं तेव्हा जयाबाई तोंड वाकडं करून म्हणाली, "त्यो सांगनार न्हाय गं."

"आक्का, त्यो माझा हाय."

"म्हनूनच म्हनते."

बायडाबाई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. पण दीक्षेला बेळगावला जाताना शेजारी हवी म्हणून तिलाच घेऊन गेली. जयाबाई देवळात काय ती जाणारी, पण जरीचं लुगडं नेसून चर्चच्या दुसऱ्या बाकावर ऐटीत बसली.

चर्च माणसांनी फुललं होतं. चार उमेदवार, चौघेही पांढऱ्या झग्यात. शामूचा झगा बघून बायडाबाईचा ऊर भरून आला आणि तिला वाटलं, बास, आता ह्याच्या तोंडून एवढं एक नीट निघू दे. मी आणखी काही मागणार नाही. तिसरा नंबर शामूचा. तो पुढं आला. पहिल्या बाकावर स्वरूप सर होते, परदेशी पाहुणे होते, कॅमेरा होता.

"माझे वडील मायाप्पा…" शामू म्हणाला आणि थांबला.

त्यानं आईकडं बघितलं. बायडाबाईनं मान हलवली, सांग, सांग लेकरा. जयाबाईनंसुद्धा बाकाची कड घट्ट धरली. शामूची नजर आईवरनं निघाली, स्वरूप सरांवर गेली, तिथनं कॅमेऱ्यावर गेली.

"माझे वडील मायाप्पा हे दारूचे गुलाम होते."

पुढचं बायडाबाईला ऐकू आलं नाही. बांगड्या आल्या, रक्त आलं, सगळं आलं असणार, कारण मागच्या बायकांचं नाक ओढणं सुरू झालं होतं.

मग बिशपसाहेब उठले. दीक्षेच्या विधीत एक प्रश्न असतो. डोक्यावर हात ठेवण्याआधी बिशप मंडळीला विचारतो, ह्या उमेदवारांना सेवेत घेण्याविरुद्ध कुणाला काही कारण ठाऊक असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं. प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात. उत्तर कुणी देत नाही, द्यायचं असतं हेही कुणाच्या ध्यानात नसतं. बिशपसाहेबांनी तो वाचला आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं.

"ऊठ," जयाबाई म्हणाली.

बायडाबाई उठली होती. बोलायची सवय नाही, समोर एवढी माणसं. "सायेब, मला ठावं हाय."

बिशपसाहेबांनी चष्मा वर केला.

"मी शामूची आई. आमच्या मालकांनी दारू कंदी तोंडाला लावली न्हाय. वखारीत तंबाखू चाळायचं, धुळीनं त्येंना तंबाखू लागायची, तेनं चक्कर यायची. ह्या बांगड्या…" तिनं हात वर केला, "ह्या त्येनीच भरल्यात. फोडल्या न्हाईत. ह्यो खोटं बोलतोय, सायेब. ह्येला आदी खरं बोलाया सांगा. मंग काय त्यो झगा द्या."

कुजबुज उठली. स्वरूप सर बाकावर चुळबुळले. बिशपसाहेब माणूस म्हणून भले होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शामूकडं वळून नीट विचारलं, "शमुवेल, तुझी आई काय म्हणते आहे? तुझं उत्तर काय?"

त्या वेळी एक शब्द पुरे होता. व्हय. आई खरं सांगते, एवढंच. फार तर दीक्षा सहा महिने पुढं गेली असती, वर्षभर पुढं गेली असती. शामूनं ओठ ओले केले. बायडाबाईच्या वर केलेल्या हाताकडं त्यानं बघितलं नाही.

"साहेब," तो हळू म्हणाला, "आईनं वडिलांना आयुष्यभर असंच झाकलं. आजही झाकते आहे."

अख्ख्या चर्चनं एकदम श्वास सोडला. मागनं कुणी बाई मोठ्यानं म्हणाली, "हालेलुया!" आणि मग सगळीकडनं हालेलुया, हालेलुया. परदेशी पाहुण्यांना कुणीतरी इंग्रजीत समजावलं, त्यांनी छातीवर हात ठेवला. बिशपसाहेब पायऱ्या उतरून खाली आले, त्यांचेच डोळे भरले होते. त्यांनी बायडाबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मंडळीला म्हणाले, "क्षमा म्हणजे काय, ते ह्या माउलीकडून शिका."

"सायेब, तसं न्हवं…" बायडाबाई म्हणाली. पण पेटीवर गाणं सुरू झालं होतं. शेजारच्या बायकांनी तिला हळुवार धरून खाली बसवलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरनं हात फिरवला. "लई सोसलंत हो, आई. लई सोसलंत." ती प्रत्येकीला सांगत होती, पीत न्हवतं वो, आमचं मालक पीत न्हवतं, आणि प्रत्येकजणी मान हलवून म्हणत होती, व्हय व्हय. जेवढं जास्त सांगावं तेवढी त्यांची माया वाढत होती.

विधी उरकल्यावर शामू बाहेर आला. गळ्यात हार, लोक हात मिळवायला रांगेत. गर्दीतनं वाट काढत तो आईपाशी आला आणि खाली आवाजात म्हणाला, "आई, मला दुसरा रस्ताच न्हवता. सात वर्सं गेलीत माझी. आनि तू उठलीस ते एका परीनं बरंच झालं बघ. लोकांचं काळीज हाललं. बिशपसायेब म्हनले, अशी साक्ष आजवर ऐकली न्हाय."

बायडाबाईनं त्याच्या झग्याकडं वरनं खालपर्यंत बघितलं. कापड चांगलं होतं.

"तुझा बाप मरताना म्हनत हुता, लोक म्हनतील ह्यो मायाप्पाचा पोरगा," ती म्हणाली. "आता म्हनतायत बग. समद्यास्नी म्हाईत झालास."

"आई, असं बोलू नगंस. फोटो तरी काढू या."

जयाबाईनं मधे हात घातला. "गाडी चुकंल आमची. चल गं."

निपाणीच्या एस्टीत दोघी शेजारी बसल्या. जयाबाईला खरं तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचा हक्क होता, पण ती तसं काही बोलली नाही. संकेश्वर मागं पडल्यावर तिनं पिशवीतनं दोन केळी काढली, एक सोलून बायडाबाईच्या हातात दिलं. "खा. सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

"आक्का, तू तरी सांगशील न्हवं? कुनी इच्यारलं तर?"

"सांगीन की. मी जित्ती हाय तवर सांगीन," जयाबाई म्हणाली. "पर कोन इच्यारतंय गं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे बायडाबाई उठली. पोत्याची घडी घातली, भिंतीकडं तोंड करून बसली. तोंड उघडलं आणि सवयीनं पहिलं नाव जिभेवर आलं. ते तिनं तिथंच थोपवलं. पलीकडं चुलीवर पाणी उकळून आटत आलं.

मग ती मोठ्यानं म्हणाली, "मायाप्पा."

मेलेल्याचं नाव घेतलं. पाळकसाहेबांनी चालत नाही म्हणून सांगितलेलं नाव घेतलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा घेतलं. मग भावंडांची घेतली, आजाऱ्यांची घेतली, जयाबाईचं घेतलं. शेवटाला आली. मारुतीरावाचं घेतलं, ह्या खेपेला दात-ओठ न खाता घेतलं. त्यानं दारुड्या म्हटलं होतं ते परक्यानं म्हटलं होतं.

पोत्यावरनं ती उठणारच होती. पण मायाप्पा म्हणायचा ते आठवलं, त्येला वगळलं तर मंग बाकीच्यास्नी घिऊन काय उपेग. ती पुन्हा खाली बसली, आणि मारुतीरावाच्या मागनं शामूचं नाव घेतलं.